कोणाच्या वतीने

शाळेतून फोन आला तेव्हा प्रबुद्ध ब्रॅकनेलच्या ऑफिसात, काचेच्या मीटिंग रूममध्ये, एकाच्या चुकीबद्दल दुसऱ्याला समजावून सांगत बसला होता. फोनवरचा आवाज फार गोड होता, आणि विलायतेत आवाज जितका गोड तितकी बातमी कडू, एवढं तो इतक्या वर्षांत शिकला होता. "कल्याणी सुखरूप आहे," हे पहिलं वाक्य. बोलणाऱ्या बाई म्हणजे शाळेच्या डेप्युटी हेड, मिसेस ऑल्डरिज. काल दुपारच्या सुट्टीनंतर इयर नाइनच्या, म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींनी मैदानावर ठिय्या दिला, वर्गात यायला नकार दिला, आणि या सगळ्याच्या मुळाशी कल्याणी आहे असं त्यांचं म्हणणं होतं. पुरावा? पुरावा कल्याणीनंच पुरवला होता. ठिय्या उठल्यावर बाकीची पोरं पांगली. कुणी म्हणालं मी नुसता बघायला गेलो होतो, कुणी म्हणालं माझा बूट हरवला होता. या बयेनं मात्र संध्याकाळी घरी येऊन, हातपाय धुऊन, मैदानात झालेल्या सभेचं रीतसर इतिवृत्त लिहिलं आणि शाळेच्या ऑफिसला ईमेलनं पाठवून दिलं. सभा किती वाजता सुरू झाली, ठराव कोणता मांडला, बाजूनं किती, विरोधात किती. सूचक आणि अनुमोदक यांच्या जागी 'सभेतील एक सदस्य' असं लिहून तिनं मैत्रिणींना वाचवलं होतं, पण अध्यक्षस्थानी स्वतःचं नाव घातलं होतं, आडनावासकट. "माझ्या सगळ्या नोकरीत अशी मिनिट्स मला कुणी पाठवली नव्हती," मिसेस ऑल्डरिज म्हणाल्या, आणि त्या हसल्या की काय हे प्रबुद्धला फोनवरून कळलं नाही. उद्या सकाळी पालकांनी भेटायला यावं. मुलीनं माफी मागितली तर प्रकरण तिथेच मिटेल, नाहीतर सस्पेन्शनचा विचार करावा लागेल.

ब्रॅकनेलमध्ये गाडी चालवणं म्हणजे एका राउंडअबाउटमधून, गोल चौकातून, सुटून दुसऱ्यात अडकणं. त्या संध्याकाळी एका राउंडअबाउटला तो दोनदा फिरला आणि आपला रस्ता कुठला हे त्याला आठवेना. नागरिकत्वाचा अर्ज गेला होता, तिघांचाही. त्यात 'गुड कॅरेक्टर' असा एक शब्दप्रयोग होता, आणि तो वाचल्यापासून प्रबुद्ध पिवळ्या दिव्यालाही गाडी थांबवत होता. शाळेतल्या ठिय्याचा आणि त्या अर्जाचा काडीचा संबंध नाही, हे त्याचं डोकं त्याला सांगत होतं. पण भीती काय डोक्याला विचारून येते? इथं आल्यापासून त्यानं मान खाली घालून काम केलं होतं. ऑफिसात त्याचं नाव पहिल्याच आठवड्यात 'प्रॅब' झालं, तेही त्यानं चालवून घेतलं. शेजाऱ्याचं कुंपण यांच्या बाजूला हातभर सरकलं, तेव्हा त्याची बायको निवेदिता बोलायला निघाली होती. त्यानं तिला हात धरून आत आणलं. भांडायचं नाही असं नव्हे, भांडायचं ते भांडून झालेलं आहे, आपल्या आधीच्यांनी भांडून आपल्याला इथवर आणलेलं आहे, आता आपण फक्त नीट राहायचं, असा काहीसा हिशोब त्यानं मनाशी मांडला होता. आणि तरी, त्या राउंडअबाउटवर तिसऱ्यांदा वळता वळता, त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू येऊ पाहत होतं. इतिवृत्त! पोरीनं इतिवृत्त पाठवलं! हा गाढवपणा जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुठल्या घरातली पोर करणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

कारण तो गाढवपणा घरातलाच होता. दर रविवारी बुद्धवंदना झाली की जेवणाआधी त्यांच्या घरात बैठक व्हायची. अध्यक्ष आळीपाळीनं. सुट्टीत कुठं जायचं, हॉलच्या भिंतीला रंग कुठला, कल्याणीला फोन कधी द्यायचा, सगळं ठरावानं. खरं तर हे पोरीचं मराठी सुधारावं म्हणून त्यानं सुरू केलं होतं, आणि इतिवृत्त मराठीत लिहायचं काम तिच्याकडे दिलं होतं. पण पद्धत त्याची नव्हती, त्याच्या आईची होती. नागपूरच्या वस्तीत द्रौपदीबाई महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या, आणि त्यांच्या घरात पाहुण्यांना चहा द्यायचा की सरबत हासुद्धा ठराव असायचा, असं शेजारपाजारचे चिडवायचे. प्रबुद्धला लहानपणचे मोर्चे आठवत, आईचं बोट, निळे झेंडे, तापलेला डांबरी रस्ता, घोषणा देऊन देऊन बसलेला सगळ्या बायांचा आवाज. मोर्चा त्याला आवडायचा. बैठका नाही आवडायच्या. मोर्चा एका दुपारचा आणि त्याच्या मागच्या-पुढच्या बैठका महिनाभर. विहारातल्या सतरंजीवर बाया रात्र होईस्तोवर बसायच्या आणि तो आईच्या मांडीवर झोपून जायचा. एकदा त्यानं कुरकुर केली होती, घरी केव्हा जायचं म्हणून. आई म्हणाली होती, "मोर्चाले घसा लागते बाबू, कारभाराले बूड लागते." बाया खो खो हसल्या होत्या. तेव्हा त्याला वाटलं होतं, आईनं सगळ्यांसमोर वाईट शब्द वापरला, आणि त्याचे कान लाल झाले होते.

घरी कल्याणी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, युनिफॉर्मसुद्धा न बदलता. निवेदिता कणीक मळत होती आणि तिच्या मळण्यावरूनच तिचा राग कळत होता; पण तो राग कुणावर, हे कळत नव्हतं.

"पप्पा, तुम्ही आधी ऐका," कल्याणी म्हणाली. "टॉयलेट लेसन्समध्ये लॉक असते. फक्त ब्रेकमध्ये ओपन. ब्रेक संपते, लाइन संपत नाही. माझी फ्रेंड मेगन पूर्ण दिवस पाणी पीत नाही, कारण मग जावं लागेल. इयर सेव्हनची एक मुलगी, तिला पिरियड आला होता, ती सर्वांसमोर रडला."

"रडली," निवेदिता म्हणाली, कणकेकडे बघतच.

"रडली. सॉरी. पण रडली ना!"

"लॉक का करतात?" प्रबुद्धनं विचारलं.

"मुलं आत व्हेप करतात, ती बॅटरीची सिगरेट. ओला टिश्यू सीलिंगला मारतात. ते पण खरं आहे. मी ते मिनिट्समध्ये लिहिलं."

"मग सांगायचं ना कुणाला तरी. स्टुडंट कौन्सिल कशासाठी आहे?"

"स्टुडंट कौन्सिल टीचर्स निवडतात, पप्पा. गुड मुलं. ते म्हणतात, वी स्पीक ऑन युअर बिहाफ. पण आम्ही त्यांना व्होट नाही केला. मग कसा बिहाफ?"

हे वाक्य प्रबुद्धनं ऐकलेलं होतं. याच टेबलावर, गेल्या महिन्यात. तिचा इतिहासाचा गृहपाठ होता: अमेरिकेतले वसाहतवाले निषेधापासून स्वातंत्र्यापर्यंत आणि स्वतःच्या राज्यकारभारापर्यंत कसे गेले? गृहपाठ देणारे मास्तर इंग्रज, शाळा इंग्रजांची, आणि पोरांनी लिहायचं काय तर आपलं राज्य कसं गेलं; त्याला गंमत वाटली होती. त्याच्या लहानपणच्या पुस्तकात तो सगळा प्रकार अर्ध्या पानात उरकला होता. कर बसवला, चहा समुद्रात फेकला, लढाई झाली, स्वतंत्र झाले. खाली चित्र. त्यानं तिला तेवढंच सांगितलं. "नो, पप्पा," ती म्हणाली होती. "चहा फेकणं इझी आहे. ते लोक मधे किती मीटिंग केला, ते बघा." आणि मग बापाला पोरीनं शिकवलं. लंडनची पार्लमेंट म्हणत होती, तुम्ही मत देत नसाल, पण आम्ही तुमच्या वतीनं बोलतोच आहोत की. वसाहतवाले म्हणाले, आम्ही निवडलं नाही तर वतीनं कसलं? आधी अर्ज केले. मग विलायती माल घेणं बंद केलं. गावोगाव समित्या झाल्या, या गावचं त्या गावाला कळवणाऱ्या. गव्हर्नरानं प्रतिनिधींची सभा बरखास्त केली तर ते सगळे उठून जवळच्या खानावळीत गेले आणि तिथं खुर्च्या ओढून सभा पुढे चालू. स्वातंत्र्याचा कागद लिहायच्या आधीच त्यांच्या समित्या गावं चालवत होत्या, आणि काही वसाहती तर आपापली राज्यघटना लिहायला बसल्या होत्या. "म्हणजे इंडिपेन्डन्स डे ला ते इंडिपेन्डन्ट नाही झाले," कल्याणी पेन्सिल चावत म्हणाली होती. "ते आधीच झाले होते. मीटिंगमध्ये." त्याला पोर हुशार आहे एवढंच वाटलं होतं, आणि तो भांडी लावायला उठला होता. उठता उठता मात्र त्यानं विचारलं होतं, आणि त्यांच्या शेतात राबणारे गुलाम, त्यांच्या बायका, मूळचे लोक, ते होते का त्या सभेत? तिनं मान हलवली होती. "नाही. दॅट्स माय लास्ट पॅराग्राफ," ती म्हणाली होती, आणि तो शेवटचा परिच्छेद तिच्या बाकीच्या उत्तराएवढा लांब होता.

आता तोच गृहपाठ मैदानात जाऊन बसला होता. "बरं, ठराव काय होता?" त्यानं विचारलं, कारण ठराव काय होता हे न विचारता रागावणं त्याच्या घराण्यात बसत नव्हतं.

कल्याणीनं ताठ उभं राहून सांगितलं. कुलपं काढावीत. त्या बदल्यात मुलं स्वतः जबाबदारी घेतील. प्रत्येक इयरमधून निवडून आलेली समिती, इयर सेव्हनसुद्धा, कारण छोट्यांना वगळायचं नाही. समिती पाळ्या लावेल. पाळीवर असलेल्यांनी लक्ष ठेवायचं, व्हेप करणाऱ्याला बाहेर काढायचं, कागद उचलायचे, बेसिन पुसायचं, सीलिंगचा टिश्यू काढायचा.

"बेसिन कोण पुसणार?"

"आम्ही. पाळीनं."

"संडास साफ करणार तू?" प्रबुद्धचा आवाज चढला तो त्याला स्वतःलाच ऐकू आला. "शाळेत? इथं?"

"पप्पा, आख्खा नाही. क्लीनर्स आहेत ना. फक्त..."

"एक शब्द बोलू नकोस. उद्या येऊन माफी मागायची आणि विषय संपवायचा."

तो वर जाऊन अंधारात पलंगावर बसला. बुटांचे बंद सोडवायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. अर्ज, सस्पेन्शन, गुड कॅरेक्टर, हे सगळं मागे पडलं होतं. आता सलत होतं ते वेगळंच होतं. ज्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी झाडू दिला आणि वर तुमचा धर्मच तो म्हणून सांगितलं, त्यांच्या घरातली ही पोर. तो झाडू हातातून सुटावा म्हणून किती माणसं उपाशी राहून शिकली, गावं सोडून गेली. आणि ही इंग्रजांच्या शाळेत जाऊन, चारचौघांसमोर, आपण होऊन म्हणते, द्या तो फडका इकडे. तिला माहीत नाही म्हणून म्हणते, त्याला वाटलं. मग वाटलं, तिला माहीत आहे, आपणच सांगितलंय सगळं. आणि मग, नको नको म्हणताना, त्याला वस्तीतला संडास आठवला.

बायांसाठी एकच होता, पत्र्याच्या दारांचा, आणि ठेकेदारानं त्याला कुलूप घातलं होतं. बाया पहाटे अंधारात रुळांकडे जायच्या. आई सांगायची, त्या वर्षी वस्तीतल्या पोरी संध्याकाळनंतर पाणी प्यायच्या नाहीत. मोर्चा निघाला, कचेरीसमोर बाया दिवसभर उन्हात बसल्या, आणि संध्याकाळी एका साहेबानं वैतागून किल्ली त्यांच्या हातात दिली: घ्या, तुम्हीच चालवा. गुलाल उधळला, हलगी वाजली. आणि चारच दिवसांत संडास असा तुंबला की वास घरात येऊ लागला. तेव्हाची बैठक प्रबुद्धला आठवत होती, कारण त्या बैठकीत तो झोपला नव्हता. सगळ्या बाया एकाच वेळी ओरडत होत्या. आम्ही धुणार नाही. आमच्या सासवांनी धुतलं, आम्ही नाही. हे करायला का मोर्चा काढला? कुणी म्हणालं, पैसे जमवून मेहतराला लावू. आई तोवर गप्प होती. मग ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "दुसऱ्याचा धुवाचा नाई. अन् आपला दुसऱ्याकून धुवून घ्याचा नाई. पाळी लावा. पयली पाळी अध्यक्षाची." दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वस्ती दारात उभी राहून बघत होती, आणि द्रौपदीबाई बादली घेऊन आत गेली होती. प्रबुद्ध घरात लपून बसला होता. आपली आई संडास धुते याची त्याला इतकी लाज वाटली होती की तो तीन दिवस शाळेत गेला नाही. आई बाहेर आली तेव्हा तिनं हातपाय धुतले, लुगड्याला हात पुसले आणि दारातल्या बायांना विचारलं, उद्या कोणाची पाळी? एवढंच. पण तिनं ते कसं विचारलं होतं! साहेबानं किल्ली दिली त्या दिवशी तिची मान इतकी वर नव्हती. हे आपण इतकी वर्षं कुठं ठेवून दिलं होतं, प्रबुद्धला कळेना. बूट तसेच पायात ठेवून तो आडवा झाला. तरीही माफी मागितलेली बरी, असं त्यानं पुन्हा एकदा मनाशी ठरवलं. माणसाला एका रात्रीत किती समजणार?

सकाळी निवेदिता दवाखान्याच्या ड्यूटीला जाताना फक्त एवढं म्हणाली, "तिला बोलू दे हं." तो हो म्हणाला. शाळेचं रिसेप्शन, गळ्यात व्हिजिटरची पट्टी, कॉरिडॉरमध्ये फ्लोअर पॉलिशचा वास, आणि एका दारावर लोखंडी साखळीचं कुलूप. वर पाटी, गर्ल्स. ते कुलूप इतकं साधं होतं, सायकलला लावतात तसं. तो त्याच्यासमोर थांबला. कल्याणी दोन पावलं पुढे गेली होती, ती वळून त्याच्याकडे बघत राहिली.

मिसेस ऑल्डरिजचं ऑफिस उबदार होतं. त्या वाईट बाई नव्हत्या, हे त्याला आत शिरताच कळलं, आणि त्यामुळे काम अधिकच अवघड झालं. त्यांनी पाणी दिलं, कल्याणीच्या मार्कांचं कौतुक केलं, आणि मग म्हणाल्या की मुलांची अडचण त्यांना समजते, पण मैदानात बसून नियम बदलत नाहीत. त्याला मार्ग असतात. कल्याणीनं झाल्या प्रकाराबद्दल माफी मागावी, सगळ्या प्रकाराबद्दल, सभेबद्दलसुद्धा, आणि अशा सभा पुन्हा भरवणार नाही असं सांगावं. मग सस्पेन्शनचा प्रश्न उरणार नाही. बोलणं संपवून त्यांनी कल्याणीकडे बघितलं नाही. प्रबुद्धकडे बघितलं.

आणि प्रबुद्धला काय झालं कुणास ठाऊक. तोंडातून आपोआप ते शहाणं, इस्त्री केलेलं इंग्रजी बाहेर पडलं, ज्याच्या जोरावर त्यानं इतकी वर्षं ऑफिसात निभावून नेली होती. "अर्थात," तो म्हणाला. "तिच्या वतीनं मी सांगतो. ती माफी मागेल. आमच्या घरात हे असले संस्कार नाहीत."

बाहेर कुठंतरी घंटा वाजली आणि शेकडो पाय एकदम कॉरिडॉरमधून गेले.

"मिस," कल्याणी म्हणाली. "मी लेसन चुकवला, त्यासाठी सॉरी म्हणते. ते माझं चुकलं. पण सभेसाठी नाही म्हणणार. आणि माझे वडील हे माझ्या वतीनं सांगू शकत नाहीत. ते त्या सभेत नव्हते. त्यांना कुणी निवडलं नाही."

तिनं हे इंग्रजीत म्हटलं होतं, पण प्रबुद्धला ते आईच्या आवाजात ऐकू आलं. आधी घाव बसला. स्वतःच्या पोरीनं, परक्या बाईसमोर, बापाला खोडून काढलं. त्याचे कान लाल झाले, गळ्यातली पट्टी काचायला लागली. पार्लमेंट लंडनची असो की घरातली, वतीनं बोलणाऱ्याला आपलं काय चुकलं हे चटकन समजत नाहीच. त्यानं तिच्याकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, समोर बघत होती, हात मांडीवर घट्ट धरलेले, डोळ्यांत पाणी, आणि मान अशी वर. ती मान त्यानं पाहिलेली होती. आणि मग घाव जिथं बसला होता तिथूनच काहीतरी वर यायला लागलं, छातीत मावेना. अभिमान म्हणतात तो हाच असणार. आपल्या नोकरीचा त्याला अभिमान होता, घराचा होता, गाडीचाही थोडा होता. पण ते सगळं मिळवल्याचं होतं. हे मिळवलेलं नव्हतं, हे आलेलं होतं, विहारातल्या सतरंजीवरून, तो झोपला असताना. माझी पोरगी, त्याला वाटलं. आणि लगेच वाटलं, माझी कसली, तिची तीच.

"मिसेस ऑल्डरिज," तो म्हणाला, आणि या वेळी इंग्रजी इस्त्रीचं नव्हतं, नागपूरचं होतं. "मी मघाशी बोललो ते मागे घेतो. ती बरोबर म्हणते. मी तिच्या वतीनं बोलू शकत नाही. फक्त माझ्या वतीनं बोलतो. आमच्या घरात हेच संस्कार आहेत. माझी आई असंच वागायची, आणि मला तेव्हा तिची लाज वाटली होती. आज वाटत नाही. तुम्हाला सस्पेंड करायचं असेल तर करा. पण तिचा ठराव एकदा वाचा. ती तुमचं काम वाढवत नाहीये. वाटून घेतेय."

मिसेस ऑल्डरिजनी समोरच्या स्क्रीनवर ते इतिवृत्त पुन्हा उघडलं आणि कल्याणीला विचारलं, "व्हेप करणारी मुलं तुमच्यापेक्षा मोठी असतात. त्यांना बाहेर कशी काढणार?"

"माहीत नाही," कल्याणी म्हणाली. "ते आम्हाला ठरवावं लागेल."

नंतर प्रबुद्धला वाटत राहिलं की सगळं फिरलं ते या उत्तरावर. काहीतरी तडफदार बोलली असती तर बाई हसल्या असत्या आणि नाही म्हणाल्या असत्या. लेसन चुकवल्याबद्दल दोन दिवस डिटेन्शन, म्हणजे शाळा सुटल्यावर थांबायची शिक्षा, ते कल्याणीनं मान्य केलं. आणि हाफ टर्मच्या सुट्टीपर्यंत, प्रयोग म्हणून, इयर नाइनच्या मजल्यावरची कुलपं निघतील. समिती निवडून आणा, नावं द्या, बघू. कल्याणी त्याला गाडीपर्यंत सोडायला आली. गाडीपाशी आल्यावर कल्याणी म्हणाली, "पप्पा, तुम्ही अँग्री आहात?" तो म्हणाला, "फार." आणि त्यानं तिला इतकं घट्ट जवळ घेतलं की ती "पप्पा, लोक बघतात" असं म्हणाली, पण सुटायची घाई तिलाही नव्हती.

पुढचे दिवस घर नुसतं गजबजून गेलं. कल्याणीनं समितीची घटना लिहिली, प्रबुद्धनं तिच्यातली कलमं तपासली, निवेदितानं ती अर्धी करायला लावली. गुप्त मतदान की हात वर करून? गुप्त. समितीला हटवता येईल का? येईल. प्रबुद्ध ऑफिसात दुपारच्या जेवणाला लोकांना हे सांगायचा, आणि त्यांनी "व्हेरी नाइस, प्रॅब" म्हटलं की सांगायचा, नाव प्रबुद्ध आहे. सुरुवातीला ते गोंधळले, मग शिकले. अध्यक्षपदाला कल्याणी उभी होती आणि तिच्याविरुद्ध आरव म्हणून एक मुलगा होता. हा आरव म्हणजे ठिय्याच्या दिवशी पहिल्या शिट्टीला मैदानातून पळालेला, ज्याचा बूट हरवला होता तो. त्यानं वचन दिलं होतं की आपण निवडून आलो तर टॉयलेटमध्ये मोठे आरसे आणि गाणी लावू. प्रबुद्ध हसला होता. निवडणुकीच्या दिवशी त्यानं ऑफिसातून लवकर निघून, स्लाऊच्या देशी मिठाईवाल्याकडे वाट वाकडी करून, पेढे आणले.

कल्याणी घरी आली, बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, "आरव जिंकला."

"काय?"

"आरव. मी हरले."

प्रबुद्ध हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभा राहिला. त्याच्या मस्तकात तिडीक गेली. "तो पळपुटा? आरशांवर? मैदानात बसलीस तू, बाईंसमोर उभी राहिलीस तू, डिटेन्शन भोगलंस तू, ही निवडणूक झाली ती तुझ्यामुळे. आणि ही पोरं मतं कुणाला देतात?"

"हो," ती म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते, हे आता त्याला दिसलं. बसमध्ये रडून घेतलं असणार. "मला पण खूप राग आला. मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले. ते ओपन होतं."

आणि हे म्हणून ती स्वतःच हसली, नाक ओढत. निवेदितानं तिला पाणी दिलं. प्रबुद्ध अजून धुमसत होता. घटनेत समितीला हटवायचं कलम आहे ना, त्यानं विचारलं, सह्या किती लागतात?

"पप्पा, नाही," कल्याणी म्हणाली. "उद्या त्याची मिसेस ऑल्डरिजबरोबर मीटिंग आहे. वरच्या मजल्याचं कुलूप पण काढा, असं सांगायचं. त्याला पॉइंट्स माहीत नाहीत. मी आता त्याला फोन करून सगळे पॉइंट्स सांगते."

"तू? त्याला?"

"मग काय? तो माझ्या वतीनं बोलणार आहे."

ती फोन घेऊन जिन्यावर जाऊन बसली. प्रबुद्ध ओट्याशी उभा राहून तिचा आवाज ऐकत राहिला, "आरव, लिसन, फर्स्ट पॉइंट," असं ती सांगत होती, सावकाश, त्याला लिहून घ्यायला वेळ देत. निवेदितानं बॉक्स त्याच्या हातातून घेतला आणि पेढे ताटलीत काढले.